थेंबांचे त्रैराशिक

मार्कंड्याच्या देवळापाशी वैनगंगा जेथे उत्तरवाहिनी होते, त्या चामोर्शी तालुक्यातील एखादी मुलगी बारावीनंतर तीन वर्षांचा परिचारिकेचा अभ्यासक्रम पत्करते, तेव्हा शरीररचनेतील लांबलचक नावे तिला भिववतात खरी. परंतु माझ्या मते तिची खरी कसोटी साध्या त्रैराशिकात लागते. ५०० मिलिलिटर सलाइन ८ तासांत द्यावयाचे आणि नळीतले २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर असेल, तर १०,००० थेंबांना ४८० मिनिटांनी भागून मिनिटाला सुमारे २१ थेंब येतात. हे उत्तर वहीत मांडून न थांबता, प्रात्यक्षिकाच्या तासाला सेकंदकाट्यावर नजर ठेवून नळीचे चाक अंगठ्याने सरकवून पाहावे, म्हणजे सूत्र सहसा विस्मरणात जात नाही. अशी हाताने मोजण्याची रीत येथे नवी नाही; याच गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेने अक्षरशत्रू सुइणींनाही मणी सरकवून अर्भकाचे श्वास मोजावयास शिकविले. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० वा अधिक, तर धोका. (हिवताप आणि सिकलसेल यांचे धडे तर या जंगलमुलखात निव्वळ पुस्तकी राहतच नाहीत.) उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या दफ्तरी नोंदणी करावी लागते, तेव्हा दाखला आणि गुणपत्रिका यांवरील नावे अक्षरशः जुळतात की नाही, हे परीक्षेचा अर्ज भरतानाच पडताळून घ्यावे.