पिशवीतले ओझे



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेल्या या व्याख्यानमालेत मोठमोठे पंडित बोलून गेले. आम्ही कामगार चळवळीतले, शाळा लवकर सुटलेली. आज आम्ही गळाने मासे धरायला जाताना पिशवी कशी भरावी, एवढेच सांगणार आहोत. हसू नका, या पिशवीपायी आमचा एक सोबती जाता जाता वाचला.

रविवार आम्हाला फुकट मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षे झगडले, तेव्हा १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना साप्ताहिक सुटी मिळाली. आमच्यातले पुष्कळजण मूळचे कोकणचे. सुटी साधून, रात्रीची एस.टी. धरून ते दाभोळच्या खाडीवर जातात. वाशिष्ठी तेथे समुद्राला मिळते.

तेथील पाण्याची ओढ आधी समजून घ्या. ओहोटी सुमारे सहा तास चालते. उतरणाऱ्या पाण्याचे बारा वाटे केले, तर ढोबळमानाने पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन आणि एक, असे पाणी उतरते. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी जाते! अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा ही ओढ फारच वाढते.

नवखा माणूस म्हणतो, ओढ मोठी, तर दोरा जाड हवा. येथेच तो फसतो. जाड दोऱ्यावर पाणी अधिक रेटा देते, म्हणून शिसे वाढवावे लागते. शिसे वाढले की काठी जड, पिशवी जड. बारीक पण चिवट तंगूस घ्यावा, म्हणजे कमी शिशात भागते. गोल शिसे तळावर गडगडत जाते. चपटे किंवा कोनदार शिसे वाळूत रुतून बसते. ते मुख्य दोऱ्याहून कच्च्या दोऱ्याने बांधावे. खडकात अडकले तर तेवढेच तुटते, गळ आणि मासा हाती राहतो. चार-सहा गळ, दोनतीन शिशे, सुरी, कोळंबीचे आमिष आणि पिण्याचे पाणी पुरे. मात्र लांब दोर आणि झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा घरी ठेवू नये. बुडत्याकडे फेकायला तेच कामी येते.

काही वर्षांपूर्वी आम्ही हे जाणत नव्हतो. सर्वांचे शिसे, रिळे, डबे एकाच पिशवीत भरले आणि ती सर्वांत लहान गड्याच्या छातीवरून आडवी बांधली. गाठ आमच्याच हातची. ओहोटीचा तिसरा तास होता. गुडघाभर पाण्यात शेवाळावरून त्याचा पाय सरकला. पिशवीत पाणी भरले, ओली गाठ सुटेना. एकाने सुरीने पट्टा कापला, तेव्हा पोर वर आले.

ज्यांनी आयुष्यभर कारखान्याच्या फाटकावर कामाच्या बोजाविरुद्ध भाषणे केली, त्यांनीच सर्वांचे ओझे धाकट्याच्या गळ्यात घातले होते! त्या दिवसापासून आमच्यात ज्याचे शिसे त्याच्या खांद्यावर असते. पिशवी एकाच खांद्याला, झटक्यात टाकता येईल अशी. आणि मधल्या दोन तासांत पाण्यात कोणी उतरायचे नाही.

पुणेकरांना पाण्याचा जोर आम्ही काय सांगावा? १२ जुलै १९६१ या शहराने पाहिला आहे. नदीवर जा, खाडीवर जा. पण निघताना पिशवी एकदा उचलून पाहा, आणि ती कोणाच्या खांद्यावर देत आहात तेही पाहा.