बागलाणचे डोंगर, आपली शेती आणि आपली मुले

(सटाणा येथे संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



अशा कार्यक्रमात पाहुणा आला की तो मुलांना डॉक्टर व्हा, इंजिनियर व्हा, मोठे अधिकारी व्हा असे सांगून जातो. ते अवश्य व्हावे. परंतु ज्या तालुक्याचे पाणी आपण पितो त्या तालुक्याच्या जमिनीत काय दडले आहे, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. म्हणून आज मी बागलाणच्या शेतीविषयी, विशेषतः फळबागांविषयी बोलणार आहे.

प्रथम थोडा इतिहास. अकबर बादशहाच्या दरबारातील विद्वान अबुल फज़ल याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आईन-ए-अकबरी' हा ग्रंथ लिहिला. त्यात आपल्या बागलाणची नोंद आहे. नंदुरबार आणि सुरत यांच्या दरम्यानचा डोंगराळ परंतु भरवस्तीचा मुलूख, राठोड घराण्याचा राजा, साल्हेर-मुल्हेरसारखे बळकट किल्ले, असे वर्णन करून तो येथील उत्तम फळांची यादी देतो. त्या यादीत द्राक्षे आणि डाळिंबे आहेत, तशीच सफरचंदे आणि अननसही आहेत! पुढे १६३८ साली शाहजादा औरंगजेबाने हा प्रांत मोगल राज्यास जोडला. राज्ये आली आणि गेली. सफरचंद आज येथे औषधालाही सापडणार नाही, पण द्राक्षे आणि डाळिंबे सव्वाचारशे वर्षांनंतरही बागलाणचे नाव राखून आहेत. याचा अर्थ एवढाच की हा गुण या मातीचा आणि हवेचा आहे, कोण्या एका सरकारी योजनेचा नव्हे.

तो गुण कोणता, ते पाहू. पश्चिमेला सह्याद्रीची भिंत आहे. १५६७ मीटर उंचीचा साल्हेर हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला आपल्याच तालुक्यात आहे. मोसम आणि आरम या नद्या पश्चिमेच्या डोंगरांतून निघून पूर्वेकडे वाहतात आणि गिरणेला मिळतात. पाऊसही तसाच: साल्हेर, मुल्हेर, केळझरकडे भरपूर, आणि सटाणा, नामपूर ओलांडून मालेगावकडे जावे तसतसा कमी. म्हणजे पाणी वरच्या अंगाला आणि कोरडी हवा खालच्या अंगाला. त्यात डोंगरउताराची मुरमाड, हलकी, पाण्याचा निचरा करणारी जमीन. ज्या जमिनीला आपले वाडवडील बरड म्हणून नाक मुरडीत, तीच डाळिंबाला मानवते. काळ्या भारी जमिनीत मुळांशी पाणी साचते आणि झाड मर रोगाला बळी पडते.

या पाण्याचा उपयोग आपल्या पूर्वजांनी कसा केला, हे विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घ्यावे. मोसम, आरम आणि शेजारच्या धुळे जिल्ह्यातील पांझरा या नद्यांवर फड पद्धत होती. काही ठिकाणी आजही आहे. नदीला दगडी बंधारा घालायचा, पाणी पाटाने काढायचे आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटायची. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि दर वर्षी ते फिरवायचे. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू-हरभरा, आणि एखादा पडीकही. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे. पाणी सोडायला पाटकरी आणि राखणीला जागल्या. त्यांना नेमायचे पंचांनी आणि त्यांची मजुरी निघायची पिकातून. शेतकरी स्वतः दारे मोडायला जात नसे. पाऊस कमी झाला तर एखादा फड सगळ्यांनीच कोरडा ठेवायचा. म्हणजे तूट आली तरी ती वाटून यायची. वरच्याचे भिजले आणि खालच्याचे वाळले असे होत नसे. आज आपण ज्याला पाणी व्यवस्थापन म्हणून परिसंवाद भरवतो, ते येथे अक्षरओळख नसलेली माणसे शेकडो वर्षे करीत होती.

हरणबारी आणि केळझरची धरणे झाली, घरोघर विहिरी झाल्या, मग बोअर आले, शेततळी आली. उत्पन्न वाढले यात शंका नाही. पण पाणी सामाईकाचे खाजगी झाले. शेजारच्याने दोनशे फूट बोअर घेतला की आपण चारशे फूट घ्यायचा, आणि तो आटला की कर्ज फेडायचे. माझ्या मते बागलाणच्या शेतीपुढचा पहिला धोका हाच आहे, भाव वगैरे नंतर.

आता डाळिंबाकडे येतो. महाराष्ट्र शासनाने १९९० साली रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली आणि हलक्या जमिनीवर बागा उभ्या राहिल्या. ठिबक सिंचन आले. आधी गणेश हा वाण, नंतर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे मृदुला, आरक्ता आणि भगवा. साडेचार मीटर बाय तीन मीटरवर लावले तर एकरी सुमारे तीनशे झाडे बसतात. सटाणा, देवळा, मालेगाव या पट्ट्यात या तीनशे झाडांनी पक्की घरे बांधली आणि मुले शहरात शिकायला पाठवली.

मग तेल्या आला. हा जिवाणूचा रोग आहे. भारतात त्याची नोंद दिल्लीकडे १९५२ मध्येच झाली होती, परंतु २००३ नंतरच्या काही वर्षांत त्याने महाराष्ट्रातील बागाच्या बागा खाल्ल्या. फळावर तेलकट डाग पडतो, फळ तडकते आणि बाजारात फुकट जाते. लोकांनी उभ्या बागा कुऱ्हाडीने तोडल्या. तो इतका का पसरला? पावसाळी दमट हवा हे एक कारण. पण दुसरे कारण माणसाच्या हातचे आहे. लागवडीची घाई झाली तेव्हा रोगट झाडांवर बांधलेली गुटी कलमे गावोगाव विकली गेली. कलम कोणत्या झाडाचे आहे, हे विचारणारे थोडे होते. एका बागेची छाटणी केलेली कात्री निर्जंतुक न करता दुसऱ्या बागेत गेली. पुढे जी मंडळी सावरली ती याच गोष्टी उलट करून सावरली: खात्रीची रोपे, रोगट फळे वेचून जाळणे, आणि पावसाळ्यातला मृग बहार सोडून सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार धरणे, कारण तेव्हा पुढे हवा कोरडी होत जाते.

येथे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट सांगतो. डाळिंब आणि द्राक्ष या दोन्हींवर बोर्डो मिश्रण फवारतात. बोर्डो हा फ्रान्समधील द्राक्षाचा मुलूख. तेथील बागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर, चोरांनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून, मोरचूद आणि चुना शिंपडीत. त्या वेलींवर केवडा रोग कमी दिसतो, हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने पाहिले, प्रयोग केले आणि १८८५ साली औषध जाहीर केले. एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी लागते. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत, लोखंडी नव्हे, विरघळवून मग एकत्र ओतायचे. त्यात स्वच्छ लोखंडी खिळा बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. आणखी चुन्याची निवळी घाला, नाहीतर पाने करपतील. खिळ्यावर तांबे का चढते, हे दहावीच्या पुस्तकात विस्थापन अभिक्रिया म्हणून आहे. परीक्षेत त्यावर गुण मिळवणारा आपला मुलगा सुट्टीत घरी फवारणीचा पंप हातात धरतो तेव्हा खिळा बुडवून पाहतो काय, हे पालकांनी एकदा विचारावे.

द्राक्षाचीही अशीच गोष्ट. निफाडकडे गोडी छाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते आणि माल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. बागलाणचे काही बागाईतदार जुलै-ऑगस्टमध्येच छाटणी करून नाताळच्या आसपास माल काढतात. बाजारात दुसरा माल नसतो, म्हणून भाव चांगला. पण परतीचा पाऊस लांबला की तयार घड कुजतात. २०१९ साली तो लांबला आणि या बागांची दैना आपण डोळ्यांनी पाहिली. हा जुगार आहे असे काही लोक म्हणतात. मी त्याला जुगार म्हणणार नाही, पण सगळी जमीन एकाच डावावर लावू नये.

कांद्याविषयी मी अधिक बोलत नाही. चाळीत तो किती दिवस टिकतो आणि लिलावात कधी रडवतो, हे तुम्हीच मला शिकवाल.

पश्चिमेच्या आदिवासी गावांकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. नागली, वरई, खुरासणी ही तेथली जुनी पिके. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले आणि जिला गरिबाची भाकरी म्हणत त्या नागलीला शहरात मान आला. शेजारच्या सुरगाणा आणि कळवण तालुक्यांतील आदिवासी शेतकरी स्ट्रॉबेरी पिकवून सापुताऱ्याच्या रस्त्यावर विकतात. तेथे जमते ते आपल्या डोंगराकडच्या गावांत कुठे जमेल, हे करून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

आता आपल्या समाजाकडे वळतो. आपल्यात जमीनदार थोडे. बरेच जण फळांचा व्यापार करतात, उक्ता बाग घेतात, गाडी चालवतात, पॅकिंगच्या कामाला जातात. बागवान या शब्दाचा अर्थच बाग राखणारा. बाराव्या शतकात स्पेनमधील सेव्हिलच्या इब्न अल-अव्वाम याने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात पन्नासाहून अधिक फळझाडांची लागवड सांगितली आहे. त्याचे नाव घेऊन अभिमान बाळगायचा आणि मुलाला दहावीनंतर गाडीवर बसवायचे, हे मला पटत नाही. जमीन नाही म्हणून शेतीचे शिक्षण नको, हे म्हणणे तर मुळीच बरोबर नाही. रोपवाटिका, माती-पाणी तपासणी, शीतगृह, प्रतवारी, निर्यातीचे कागद, यांतील कशालाच सातबारा लागत नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या एका रसायनाच्या अंशावरून युरोपने भारतीय द्राक्षे अडवली आणि नाशिक जिल्ह्याचे मोठे नुकसान झाले. कोणत्या औषधाचा किती अंश चालतो, हे वाचून सांगणारा माणूस आज प्रत्येक निर्यातदाराला हवा आहे. तो आपल्या मोहल्ल्यातला का नसावा? आणि मुलगी का नसावी? द्राक्षाच्या विरळणीला बायकाच जातात. घडातला कोणता मणी ठेवायचा, हे त्यांच्या बोटांना ठाऊक असते. त्या बोटांना पदविका मिळाली तर रोजंदारीचा पगार होईल.

दहावीनंतर कृषी पदविका आहे. बारावी विज्ञान करून राज्याची सामाईक परीक्षा दिली तर कृषी पदवीची चार वर्षे आहेत. ज्यांना काम सोडता येत नाही त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे शेतीचे अभ्यासक्रम मराठीत, घरी राहून करता येतात.

शेवटी एक काम सांगतो. ज्यांची स्वतःची किंवा वाट्याची जमीन आहे त्यांनी मृगाआधी माती तपासायला काढावी. बांधाजवळची, विहिरीजवळची, उकिरड्याची आणि झाडाखालची जागा सोडा. हंगामी पिकासाठी शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घेऊन त्याच्या बाजूची माती खरवडा. फळबाग लावायची असेल तर तीन फूट खणून प्रत्येक फुटाची माती वेगळी ठेवा. माती सावलीत वाळवा, एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करा. ती कापडी पिशवीत भरा आणि आत चिठ्ठी घाला: नाव, गाव, गट क्रमांक, मागचे पीक, पुढे काय लावायचे आहे. ही चिठ्ठी घरातल्या मुलाकडून किंवा मुलीकडून लिहून घ्या आणि अहवाल आला की सामू किती, चुनखडी किती, हे त्यांनाच वाचून दाखवायला सांगा.