मंदीच्या तडाख्यातलं बालपुस्तक

साल १९३१, अमेरिकेत महामंदी. साठी ओलांडलेल्या लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या बालपणीच्या आठवणींचं हस्तलिखित क्नॉफ प्रकाशनाने पसंत केलं आणि काटकसरीपायी तिथला बालविभागच बंद झाला! मग हार्पर प्रकाशनाच्या संपादक व्हर्जिनिया कर्कस ते हस्तलिखित आगगाडीत वाचायला बसल्या. त्या इतक्या रंगून गेल्या, की उतरायचं स्टेशन मागे पडलं. १९३२ मध्ये ‘लिटल हाउस इन द बिग वूड्स’ प्रसिद्ध झालं. पुढच्याच पुस्तकाच्या रॉयल्टीला मात्र कात्री लागली. ‘लिटल हाउस’ मालिकेतल्या पाच पुस्तकांना बालसाहित्यासाठीचा न्यूबेरी सन्मान मिळाला, सर्वोच्च न्यूबेरी पदक एकदाही नाही. हे मला आजही खटकतं. १९५४ मध्ये अमेरिकी ग्रंथालय संघटनेने वाइल्डर यांच्याच नावाचा पुरस्कार सुरू केला. त्यांच्या पुस्तकांतल्या मूलनिवासी आणि कृष्णवर्णीयांच्या चित्रणावर रास्त आक्षेप आले, तेव्हा २०१८ मध्ये ते नाव बदललं.