शुअर, सर्टन आणि कॉन्फिडंट



पुरावा पाहून माणूस ‘सर्टन’ होतो. ‘शुअर’ ही मनाची खात्री, पुरावा असो वा नसो. म्हणून ‘इट इज सर्टन दॅट’ चालते, ‘इट इज शुअर दॅट’ चालत नाही; उत्तरपत्रिकांत ही चूक हमखास सापडते.

‘कॉन्फिडंट’चे लॅटिन मूळ भरवसा ठेवण्याचे. यकीन आणि भरवसा यांतला फरक आपल्या घरांत सांगायला नको.

आपण मात्र दहावीच्या मुलीला विचारतो, “नक्की पास होशील ना? तरच कॉलेजात घालतो.” निकालाआधी ती ‘सर्टन’ कशी असेल? बिचारी गप्प बसते. अभ्यास केला असेल तर ‘आय ॲम कॉन्फिडंट’ एवढेच ती खरेपणाने सांगू शकते. तेवढ्यावर तिला पुढे शिकू द्याल का?