मोतीचा परदेशप्रवास

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आज मला इथे उभे करण्याचा सारा दोष चिटणीसबाईंचा आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि सभेत बोलण्याचा सराव तर मुळीच नाही. पण गेल्या हळदीकुंकवाला त्या म्हणाल्या, "तुमचा मोती जर्मनीला गेला तो कसा, एवढेच सांगा." आपल्यापैकी पुष्कळजणींची मुले, दीर, जावई परदेशी आहेत आणि कुत्री-मांजरे आता घरोघरी आहेत. तेव्हा आमची फजिती कुणाच्या उपयोगी पडली तर बरेच, म्हणून उभी राहिले.

मोती आमच्या धाकट्या भावजींचा, म्हणजे खरे तर माझ्या पुतण्याचा. एका पावसाळ्यात भाजीच्या गाडीखाली भिजत बसलेले ते पिल्लू त्याने दप्तरातून घरी आणले. जात गावठी, रंग गुळासारखा. मला कुत्र्याचे वावडे. देवघरापाशी आला तर मी घर डोक्यावर घेत असे. पुतण्या म्हणे, "काकू, तो देवाला काय करणार आहे?" मी म्हणे, "देवाला काही नाही करणार, मला करील."

2023 साली भावजींना जर्मनीत स्टुटगार्टला नोकरी लागली. जूनमध्ये रुजू व्हायचे होते. पुतण्याने सांगून टाकले, मोती नसेल तर मी येत नाही. आम्हाला वाटले, त्यात काय, तिकीट काढले की झाले. पण कुत्र्याची कागदपत्रे माणसाच्या कागदपत्रांहून कडक असतात, हे तेव्हा कळले.

त्याचे कारणही समजून घ्या. रेबीज, म्हणजे कुत्रा पिसाळण्याचा रोग, आपल्याकडे अजून आहे. जर्मनीने कोल्ह्यांना खाण्यातून लस घालून घालून तो हटवला आणि 2008 पासून तो देश त्यातून मोकळा झाला. मग आपल्या देशातून येणाऱ्या जनावराला ते सहजी कसे घेतील? इंग्लंडात तर 2000 सालापर्यंत परदेशातून आलेल्या कुत्र्याला सहा महिने वेगळे कोंडून ठेवीत.

आता क्रम सांगते. तो नीट ध्यानात ठेवा, कारण आम्ही नेमके तिथेच चुकलो. पहिल्याने कुत्र्याच्या कातडीखाली, दोन खांद्यांच्या मध्ये, तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात. तिच्यात पंधरा आकडी नंबर असतो. त्यानंतर रेबीजची लस. त्याच दिवशी टोचली तरी चालते, पण चिपच्या आधी टोचलेली धरत नाहीत. लशीनंतर निदान 30 दिवसांनी रक्त घेतात आणि युरोपने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे लशीचा गुण निदान 0.5 भरावा लागतो. रक्त घेतल्या दिवसापासून पुरे तीन महिने थांबायचे, आणि मगच प्रवास.

मोतीला लस मार्चमध्ये टोचली होती आणि चिप बसवली एप्रिलमध्ये. उलटा क्रम! मेमध्ये एका जाणत्या गृहस्थांनी कागद पाहिले आणि म्हणाले, ही लस हिशेबात नाही. 20 मेला पुन्हा लस, 22 जूनला रक्त. म्हणजे 22 सप्टेंबरपर्यंत मोतीला भारत सोडता येईना. भावजी, जाऊबाई आणि पुतण्या जूनच्या सुरुवातीलाच गेले. जाताना पुतण्या त्याच्या गळ्यात पडून रडला आणि मला म्हणाला, "काकू, त्याला बाहेर बांधू नकोस." मी हो म्हटले. मला कुठे ठाऊक होते, शब्द किती जड असतो ते.

पहिले आठ दिवस मोती दारातून हलला नाही. भाकरी पुढे ठेवली तरी बघेना. नवव्या दिवशी मी जेवायला बसले तर माझ्या पाटाशी येऊन निजला. तेव्हापासून तो माझा झाला. पावसात त्याला फिरवायला मीच जाई. संध्याकाळी पुतण्याचा फोन येई, पडद्यावर त्याचे तोंड दिसे, आणि मोती आवाज ऐकून फोनच्या मागे जाऊन त्याला शोधी. ते पाहून माझ्या पोटात तुटे.

मैत्रिणींनो, एक पाप तुमच्यापुढे कबूल करते. रक्ताचा निकाल यायचा होता, तेव्हा मी देवापुढे बसून मनात म्हटले, गुण कमी पडू दे, म्हणजे हा इथेच राहील. लगेच माझी मला लाज वाटली. तिकडे एक पोर रोज दिवस मोजत होते. निकाल चांगला आला. मी पेढे वाटले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

मधल्या काळात त्याला पिंजऱ्याची सवय केली. पिंजरा असा हवा की जनावराला आत उभे राहता यावे, वळता यावे, पाय पसरून निजता यावे. आम्ही दोन महिने आधी आणला आणि दार काढून ठेवला. जेवण आतच देत असू. पुढे दार लावले, आधी पाच मिनिटे, मग तासभर. प्रवासात शांत राहावा म्हणून गुंगीचे औषध देऊ नका. हवेत उंचावर त्याने जिवाला धोका होतो. चपट्या नाकाचा कुत्रा असेल तर विमान कंपनीला आधी विचारा, पुष्कळ कंपन्या घेत नाहीत.

भावजी गणपतीला आले आणि मोतीला घेऊन जायचे ठरले. मालक पाच दिवसांच्या आतबाहेर बरोबर असला तर जनावर घरचे मानतात, नाही तर व्यापाराचे, आणि नियम बदलतात. प्रवासाच्या आधी दहा दिवसांत सरकारी पशुवैद्याचा दाखला लागतो. त्यासाठी आम्ही ठाण्याहून मुंबईच्या कचेरीत मोतीला घेऊन गेलो. तिथल्या साहेबांनी चिपचा नंबर यंत्राने वाचला, कागद ताडून पाहिले आणि मोतीच्या डोक्यावर हात फिरवला. सारा खर्च माणसाच्या तिकिटाहून कमी आला नाही.

27 सप्टेंबरला रात्री विमानतळावर पिंजऱ्यात माझ्या जुन्या सुती साडीची घडी घातली. मोतीने ती हुंगली आणि तिच्यावर तोंड ठेवून पडला. रडलाही नाही. रडले ते मी. घरी आले तर दारातले पायपुसणे रिकामे, आणि सवयीने मी ते ओलांडून आत गेले.

दुसऱ्या दिवशी फोनवर पाहिले. या खेपेला मोती फोनच्या मागे गेला नाही. पुतण्या त्याच्या शेजारीच बसला होता.

आता थोडे कडू बोलते. आपल्याच आळीतले एक बिऱ्हाड परदेशी गेले आणि पाळलेला कुत्रा फाटकाशी सोडून गेले. तो कित्येक दिवस येणाऱ्या प्रत्येक रिक्षाकडे धावे. धर्मराजाने कुत्र्यावाचून स्वर्गाच्या रथात पाय ठेवला नाही, ही कथा आपण मुलांना सांगतो आणि स्वतः असे वागतो. पाळलेले जनावर उपाशी मरायला सोडणे 1960 च्या कायद्याने गुन्हाही आहे. प्रत्येकाला नेणे जमेल असे नाही. ऑस्ट्रेलियात तर आपल्याकडून थेट नेताच येत नाही, आधी त्यांनी मान्य केलेल्या दुसऱ्या देशात काही महिने राहावे लागते. पण न्यायचे नसेल तर चांगले घर शोधा, आणि न्यायचे असेल तर निदान सहा-सात महिने आधी चिप बसवा. चिप आधी, लस मागून. माझ्या भाषणातले एवढे एक वाक्य लक्षात राहिले तरी पुरे.

परवा भाजीच्या गाडीखाली पुन्हा एक पिल्लू दिसले. घरी अजून कुणाला सांगितलेले नाही. सभेत सांगते आहे, म्हणजे आता मागे फिरता येणार नाही.