जुना पिस्टन ठेवायचा की काढायचा?

झाशीहून बोलतोय. जुन्या स्कूटरचं इंजिन खोललं की घरोघर एकच वाद होतो: झिजलेला भाग परत बसवायचा का? मेकॅनिक म्हणतो, "साहब, सब नया डाल दो." मालकाला मात्र वडिलांच्या गाडीतला एक स्क्रूसुद्धा बदलवत नाही. आमच्याकडे मालक म्हणजे माझा भाचा, आणि गाडी माझ्या दिवंगत मेहुण्यांची १९७८ची बजाज चेतक.

चेतक आली १९७२ साली, आकुर्डीच्या कारखान्यातून. त्याआधी बजाज इटलीच्या पियाज्योच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत असे. परवाना संपला, पण इंजिन त्याच घराण्यातलं राहिलं. बोअर ५७ मिलिमीटर, स्ट्रोकही ५७, म्हणजे १४५ सीसी, टू-स्ट्रोक. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची, तेव्हा कुठे गाडी दारात यायची. त्यामुळे भाच्याचा जीव त्यात का अडकलाय, हे मला समजावून सांगायला नको.

मी फौजेत ईएमईमध्ये होतो. आमच्या वर्कशॉपमध्ये खोललेल्या भागांचे ढीग पडत: चालणारा, दुरुस्त होणारा, आणि बी.ई.आर., म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही असा. कुठला भाग कुठे जाणार हे मायक्रोमीटर ठरवायचा. घरच्या गाडीला मी आणखी एक प्रश्न जोडतो. हा भाग धावत्या गाडीत गेला तर पाठीमागे बसलेल्याचं काय होईल?

काही गोष्टींवर चर्चाच नको. ऑइल सील, गॅस्केट, पिस्टन पिनच्या सर्क्लिप, क्लच प्लेट आणि एकदा ठोकून काढलेली बेअरिंग नवीनच घ्यायची. सील तर दिसायला किरकोळ! पण टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्ये दाबलं जातं. सील गळका असला की तिथून हवा आत येते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, त्याबरोबर तेलही कमी पडतं, आणि पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो. गिअर चालत असतील तर मागचं चाक तिथल्या तिथे जाम. क्लच दाबायला वेळ मिळेलच असं नाही.

खरा वाद झाला पिस्टनवर. भाचा म्हणाला, "मामा, नुसत्या रिंगा बदलू. हा पिस्टन बाबांचा आहे." मी त्याच्या हातात नवी रिंग दिली आणि पिस्टनच्या खाचेत बसवायला सांगितली. ती वर-खाली डुगडुगत होती. खाच रुंद झाली की नवी रिंगही धड बसत नाही. शिवाय पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे होते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या वर जातो, आणि त्याला मुलीला मागे बसवून ओरछ्याला जायचंय. पिस्टन गेला. सिलिंडर मात्र लोखंडी, जाड, अस्सल. तो बोअरिंग करून ठेवला, त्याला ओव्हरसाइज पिस्टन.

क्रँकच्या बाबतीत मी उलट्या बाजूला उभा राहिलो. मेकॅनिकला बाजारातला पूर्ण नवा क्रँक हवा होता. चेतकमध्ये क्रँकची एक तबकडी झडपेचं काम करते. ती फिरता फिरता केसमधलं पेट्रोलचं तोंड उघडते आणि बंद करते. तिच्यात आणि केसमध्ये फट कागदाच्या जाडीपेक्षा कमी. आमची तबकडी गुळगुळीत होती. कनेक्टिंग रॉड बाजूला थोडा हलतो, ते चालतं, तेवढी जागा लागतेच. पण वर-खाली ओढून पाहिला तर टकटक लागली. म्हणजे खालचं बेअरिंग संपलं. मग जुन्या तबकड्या ठेवून फक्त रॉड, पिन आणि बेअरिंग नवीन दाबून बसवले आणि डायल गेज लावून क्रँक सरळ करून घेतला. बाजारातला कुठल्या धातूचा निघेल ते सांगता येत नाही; हा तर इतकी वर्षं टिकलेला!

केसवरही नजर ठेवा. झडपेच्या जागी खोल चरा पडला असेल तर केस बदलावा लागतो, आणि इंजिन नंबर केसवरच कोरलेला असतो. आरसीवर एक नंबर आणि गाडीवर दुसरा, म्हणजे आरटीओचे खेटे. आमचा केस वाचला.

गिअर ठीक होते. फक्त गिअर गुंतवणाऱ्या क्रॉसच्या कडा गोल झाल्या होत्या, म्हणून गाडी चढावर गिअर सोडायची. क्रॉस बदलला.

आता गाडी सुरू आहे, पण नव्या पिस्टनवर लगेच ताण द्यायचा नाही. पेट्रोलमध्ये तेल मोजून, सध्या एकट्यानेच, सकाळच्या गारव्यात, मध्ये मध्ये थांबत. मुलगी रोज विचारते ओरछ्याला कधी. पहिले पाचशे किलोमीटर होऊ देत, मग हेड उघडून सिलिंडर बघणार आहोत. तोवर आजोबांचा पिस्टन तिने कंपासपेटीशेजारी ठेवलाय, पेन्सिली उभ्या करायला.