घड्याळ लावून येणारी डोकेदुखी
(शिवाजीनगर येथे गणेशोत्सवात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, डिप्लोमा झालेला रेल्वे इंजिनिअर आहे. आमच्याकडे बिघाड झाला की आधी वेळेची नोंद होते. आजचा आजारही वेळेवरूनच ओळखू येतो. त्याचे नाव क्लस्टर हेडेक.

माझ्या एका सहकाऱ्याला रोज रात्री दोनच्या सुमारास एका डोळ्यामागे तापलेली सळई खुपसल्यासारखी कळ यायची. डोळा लाल होऊन पाणी गळे, पापणी उतरे, त्याच बाजूची नाकपुडी वाहे. तासाभरात सारे शांत. कोणी सायनस म्हणाले, कोणी दाढ काढायला लावली. दीड महिन्याने दुखणे आपोआप थांबले आणि पुढच्या वर्षी परत आले.

हा झटका १५ मिनिटांपासून ३ तासांपर्यंत टिकतो. दिवसात आठ वेळाही येऊ शकतो. अर्धशिशीचा रुग्ण अंधारात निपचित पडतो, हा मात्र येरझाऱ्या घालतो, भिंतीवर डोके आपटतो. घरच्यांनी याला नाटक समजू नये. वेदनेपायी जीव नकोसा झाल्याचे तो बोलला, तर त्याला एकटे न सोडता लगेच दवाखान्यात न्यावे.

आता उपचार. साध्या गोळीचा गुण येईपर्यंत झटका ओसरू लागलेला असतो. मास्कने शुद्ध ऑक्सिजन, मिनिटाला १२ लिटर, १५ मिनिटे दिल्यास बहुतेकांना आराम पडतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत ऑक्सिजनने शंभरात ७८ झटके पाव तासात आटोक्यात आले, साध्या हवेने फक्त २०. सुमाट्रिप्टानचे इंजेक्शनही लवकर लागू पडते, पण हृदयविकार असल्यास ते चालत नाही. झटके येऊच नयेत म्हणून व्हेरापामिल देतात, त्यासाठी ईसीजी काढावा लागतो. हे सारे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. ऑक्सिजनजवळ काडी पेटवू नये, आणि दुखण्याचे दिवस चालू असताना दारूचा थेंबही नको. तिनेच झटका ओढवतो.

आपल्या शहरात होसूर रोडवर मेंदू व मज्जासंस्थेच्या आजारांसाठी निम्हान्ससारखी संस्था आहे. तिथे जाताना एक वही न्यावी. झटका कधी आला, किती टिकला, कोणती बाजू, डोळ्यातून पाणी आले का, एवढे लिहिलेले असावे. दुखत नसताना डॉक्टरांना दाखवायला दुसरे काही हाती नसते. ती वही पाहून निदान लवकर होते आणि एखादी चांगली दाढही वाचते.